बोलता येणं आणि संवाद जमणं
मुलगा पूर्ण वाक्यं बोलतो, शब्दही भरपूर आहेत, मग स्पीच थेरपी कशाला, असं एका पालकानं विचारलंय. मला हे पटत नाही. उच्चार-व्याकरण ठीक असणं वेगळं आणि कोणाशी, कधी, कसं बोलायचं हे उमगणं वेगळं. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेत या दुसऱ्या अडचणीसाठी स्वतंत्र निदान आहे. ही अडचण ऑटिझममध्येही असते, पण ऑटिझममधलं पुन्हा पुन्हा तेच ते वागणं या निदानात नसतं.

आमच्या चौथीतल्या मुलाला ऑटिझम आहे. तो मित्रांकडून 'काय बे' शिकला. नागपुरात पोरं दिवसभर तेच बोलतात. त्यानं ते थेट मुख्याध्यापिकांना म्हटलं आणि डायरीत 'उद्धट' असा शेरा आला. फार लागलं ते. बाकीच्यांना 'बे' कुठे चालतं हे कोणी शिकवत नाही, याला शिकवावं लागलं. थेरपिस्टच्या सांगण्यावरून भिंतीवर ओळखीच्यांच्या फोटोंच्या तीन रांगा केल्या: 'बे' चालणारे, दादा-ताई, आणि 'अहो'वाले. दोन महिने गेले. पण जास्त फरक पडला तो वर्गशिक्षिकेनं शेजारच्या दोन पोरांना समजावल्यावर. डब्याच्या सुट्टीत ती पोरं आता त्याच्या उत्तरासाठी थांबतात.