हिवाळ्यात एका दिवसात सायकल आणि डोंगर: खान्देशात कुठे जावं?

गिरणाकाठ
राम राम मंडळी. आम्ही चौघं जळगावचे. मेहरूण तलावाला चकरा मारून कंटाळलो. जानेवारीतल्या एखाद्या रविवारी पंधरा-वीस किलोमीटर सायकल, मग सायकली कुठेतरी ठेवून तीन-चार तास डोंगर, आणि रात्री जेवायला घरी, असं काहीतरी करायचंय. दोन सायकली गिअरच्या, दोन साध्या. सोबत एकाचा नववीतला मुलगा. डोक्यात तोरणमाळ, लळिंग आणि पाटणादेवी आहे. काय करावं?

सातपुडा_उतार
तोरणमाळ, दुसरं काय! राणीपूर सोडलं की सात पायरीचा घाट लागतो, वर यशवंत तलाव, सीताखाई. साडेअकराशे मीटरच्या आसपास उंची आहे, पहाटेची थंडी अशी की बोटं ब्रेकवर वळत नाहीत.

कळण्याची_भाकरी
एक दिनमा तोरणमाळ व्हवाव नही भो. जळगावहून शहाद्याला पोचेपर्यंतच ऊन डोक्यावर येईल. त्यात साध्या सायकली, म्हणजे घाटात सायकल चालवणार नाहीत, ढकलणार. तोरणमाळला मुक्कामानंच जावं. घाईत तलाव बघून परत फिरायचं असेल तर मेहरूण काय वाईट?

सातपुडा_उतार
हे मात्र खरं. मुक्काम करा मग.

धुळ्याचा_भाचा
लळिंग अर्ध्या दिवसाचं काम आहे. धुळ्यापासून दहाएक किलोमीटर. खान्देशच्या फारुकी सुलतानांचा जुना किल्ला, पुढे त्यांनी असीरगड घेतला आणि कारभार बुऱ्हाणपूरला नेला. वर पाण्याची टाकी आहेत, देवीचं देऊळ आहे, चढ तासाभराचा. पण सायकलनं जायचं म्हणजे मुंबई-आग्रा महामार्ग, कंटेनर अंगाला वारा घालून जातात. नववीतलं पोरगं घेऊन मी नाही जाणार. गाडीनं जा आणि गड तेवढा चढा.

लेणीवेडी
गिरणाकाठ दादा, पाटणादेवीच करा. तुमच्या चारही अटी तिथेच बसतात. सविस्तर लिहिते.

सायकली छोटा हत्ती टेम्पोत टाकून पहाटे जळगाव सोडा आणि चाळीसगाव स्टेशनाजवळ उतरा. तिथून पाटणादेवी अठराएक किलोमीटर. बराचसा रस्ता सपाट, शेतांमधून. समोर सातमाळ्याची भिंत हळूहळू उंच होत जाते. सूर्य सातच्या सुमारास वर येतो, तेव्हाच पायडल मारायला लागा. त्या वेळी कानटोपी लागते आणि अकरा वाजता टी-शर्टही नकोसा होतो, आपल्याकडचा हिवाळा असाच. म्हणून क्रम उलटा करू नका: थंडीत सायकल, कोवळ्या उन्हात चढ, दुपारी झाडीत जेवण.

पुढे गौताळा औट्रमघाट अभयारण्य लागतं. वनखात्याच्या चौकीवर नोंद करायची, जे शुल्क असेल ते भरायचं. (औट्रम म्हणजे भिल्ल पलटण उभारणारा इंग्रज अधिकारी जेम्स औट्रम.) देवीच्या देवळाबाहेर प्रसादाची दुकानं असतात. नारळ-हार तिथूनच घ्या आणि सायकली त्यांच्या नजरेसमोर साखळीनं बांधा.

आता डोंगर. लोक पितळखोरा आणि कण्हेरगड एकाच दिवशी उरकायला जातात. नका करू. पितळखोऱ्याची लेणी इ.स.पू. दुसऱ्या शतकापासूनची. तिथला यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि तो घडवणाऱ्या कण्हदास सोनाराचं नाव त्याच्या हातावर कोरलंय. बघण्यासारखंच आहे सगळं, पण पाटण्याकडून, म्हणजे देवीच्या बाजूनं, वाट दरीतून जाते, ठिकठिकाणी फुटते, वाटाड्या हवाच. पठारावरून पायऱ्या उतरून जाणं सोपं, ते कन्नडकडून गाडीनं कधीतरी करा.

तुम्ही कण्हेरगड धरा. आधी जुनं हेमाडपंती महादेव मंदिर, मग त्याच्या मागून वाट. नागार्जुन कोठी हे जैन लेणं आणि सीतेची न्हाणी चढतानाच लागतात. रमतगमत दीड-दोन तासांत माथा. शृंगार चावडी हे लेणं उतरताना करा. गवत जानेवारीत वाळलेलं असतं, उतारावर पाय सटकतो, तळवा झिजलेले बूट घरी ठेवा. माथ्यावर टाकी आहेत, पण पिण्याच्या पाण्याचा भरवसा त्यांच्यावर ठेवू नका. माणशी तीन लिटर खालूनच न्या. कपारीला आग्यामोहोळ दिसलं तर आवाज नाही, अत्तर नाही, विडी तर नाहीच.

आणि देवीच्या देवळात गेलात की शिलालेख विचारा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला, त्याची नोंद आहे, इ.स. १२०७ ची. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. नववीतल्या मुलाला सांगा, गणिताच्या पेपराआधी नमस्कार करून ये म्हणावं.

कळण्याची_भाकरी
ताई, सगळं झकास, सराटे राहिले! हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला सराटे आणि कुंपणासाठी तोडलेल्या बाभळीच्या फांद्या. समोरून कापसाची गाडी आली की आपण कडेला जातो आणि तिथेच टायर बसतं. चौघांत किमान चार ट्यूब, पंप आणि टायर काढायच्या पट्ट्या न्या. पाटण्याच्या वाटेवर रविवारी पंक्चरवाला भेटेल या आशेवर राहू नका.

गिरणाकाठ
ताई, दंडवत. पाटणादेवी नक्की. दोन प्रश्न: बिबट्याचं काय? आणि परत किती वाजता निघावं?

लेणीवेडी
बिबटे आहेत, पण दिवसा चौघं बोलत चाललात तर तुम्हाला टाळूनच जातील. मुलाला पुढे पळू देऊ नका. डोंगर पश्चिमेला आणि दक्षिणेला, त्यामुळे दरीत अंधार लवकर उतरतो. तीनपर्यंत सायकलवर बसलेलं बरं. परतीला वारा बहुधा उत्तरेचा, म्हणजे तोंडावर; अठरा किलोमीटरला सकाळपेक्षा जास्त वेळ धरा.

धुळ्याचा_भाचा
साडेचार-पाचला चाळीसगावात पोचलात तर केकी मूस यांचं घर स्टेशनाजवळच आहे. जन्म १९१२, वर्षानुवर्षं घराबाहेर न पडता फोटो काढणारा माणूस. आता तिथे संग्रहालय आहे. रविवारी उघडं असतं का ते आधी विचारून घ्या.

कळण्याची_भाकरी
डबा काय नेताय?

गिरणाकाठ
भरीत आणि कळण्याची भाकरी. तुमचं नाव वाचूनच ठरलं.

कळण्याची_भाकरी
भरीत रात्रीच करून ठेवा, हिरव्या मिरचीचं. आणि वरून कांद्याची पात घ्यायची ती तिथे बसल्यावर चिरा, आधी घातली तर पाणी सुटतं.