नांगराचा घोडा, घागरा आणि आमचे ५६.२५ टक्के

घोडनवरी

'ओहायोचा पाहुणा' यांचं 'लेकीकडचे रविवार' हे सदर इथे सगळ्यांनी डोक्यावर घेतलंय. मलाही आवडत होतं, चौथ्या भागापर्यंत. त्यातला हा मजकूर, जसाच्या तसा:

"एका तबेल्यात घोड्यांची स्पर्धा होती. एकेक घोडा हरणासारखा. त्यात एक देशी बाई चक्क नांगराचा घोडा घेऊन उतरल्या. म्हशीला घागरा नेसवून लावणीला उभं करावं तसं. बाईंचा एकूण घेर पाहता घोडा मात्र मापाने निवडला होता."

खाली बावीस जण हसून लोळले.

ती देशी बाई मी. वय ५३, वजन ८१ किलो. लपवून काय करू, घोड्याला दोन्ही ठाऊक आहे. घोड्याचं नाव बिल. जातीने पर्चरॉन, रंग काळा, उंची साडेसतरा हँड म्हणजे मान पाठीला मिळते तिथे १७८ सेंटिमीटर, वजन साधारण ८७० किलो. होम्स काउंटीतल्या एका आमिश (ट्रॅक्टर टाळून घोड्यांनी शेती करणारा पंथ) शेतावर त्याने नऊ वर्षं खरोखरच नांगर ओढलाय, त्यामुळे 'नांगराचा घोडा' हा मला टोमणा वाटत नाही, तो त्याचा बायोडेटा आहे. दोन्ही खांद्यांवर कॉलर घासून तळहाताएवढे पांढऱ्या केसांचे चट्टे पडलेत. आदल्या रात्री शेजारच्या ठाणावरची मुलगी म्हणाली, काळं पॉलिश लावून देऊ का? मी नको म्हटलं.

शनिवार-रविवारच्या शोमधली परीक्षा होती इंट्रो टेस्ट बी. म्हणजे ड्रेसाजची (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेची) बालवाडी. २० बाय ४० मीटरचं मैदान, नुसती चाल आणि दुडकी. कॅंटर, म्हणजे दुडकीच्या पुढची धाव, नाहीच. मैदानाला अक्षरांच्या खुणा असतात: ए पासून आत यायचं, मधल्या एक्सवर थांबायचं, सी पाशी बसलेल्या परीक्षकबाईंना मानवंदना द्यायची आणि पुढे वर्तुळं काढायची. ई च्या वर्तुळाच्या ऐन तोंडावर कुंपणाबाहेर कुणीतरी प्लास्टिकची पिशवी कुरकुरवली आणि साहेब थांबले. बिचकून नव्हे हो! पिशवी वाजली की पेपरमिंट मिळते अशी त्याची पक्की समजूत. मान वळवली, कान टवकारले, वरचा ओठ लांब केला. मी टाचा मारतेय आणि हा हॉटेलात मेनू कार्डाची वाट बघत बसल्यासारखा उभा. दहापैकी ४. बाकी ५.५, ६ असे, आणि लगाम सैल सोडून चालायचं त्याला चक्क ७. एकूण ५६.२५ टक्के, नऊ जणांत आठव्या. कागदाच्या तळाशी बाईंनी लिहिलं: प्रामाणिक घोडा, जरा घाई हवी.

मी आयटीतली बाई. घोड्यावर पहिल्यांदा बसले ४७व्या वर्षी. बक्षिसासाठी गेलेच नव्हते. पण तिकीट न काढता कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या माणसाने लावणी आणि म्हैस काढावी? म्हशीचाही अपमान आहे तो.

पोहेवाला

"प्रामाणिक, जरा घाई हवी." माझ्या अप्रेझलमध्ये शब्दशः हेच होतं. बिलला सांगा, सवय होते.

ओहायोचा पाहुणा

बाई, विनोद होता. नाव-गाव काही लिहिलं नव्हतं. तुम्ही स्वतःच पुढे येऊन 'ती मी' म्हणालात, त्याला मी काय करू?

घेराबद्दलचं वाक्य मागे घेतो, लेकीनेही झापलंय. पण मूळ मुद्दा सोडत नाही. ज्याचं काम त्याने करावं. खिलार बैल घेऊन कुणी दूध डेअरीत जात नाही. मी ३४ वर्षं बँकेत काढली, माणूस चुकीच्या खुर्चीत बसला की काय होतं ते रोज पाहिलंय. आमच्या शाखेत एकदा क्रीडा कोट्यातला कॅशियर आला...

पोहेवाला

काका, कॅशियर नको. तो तिसऱ्या भागात येऊन गेला.

रिकिबीतला पाय

पाहुण्यांची भाषा वाईट, पण मुद्दा अगदीच चूक नाही. (पंधरा वर्षं पुण्यात रपेट शिकवते. दगड मारायचे तर आत्ताच मारा.)

ओढणारा घोडा खांद्यावर रेलतो. त्याचा खांदा उभा असतो, वजन पुढच्या पायांवर असतं. कित्येक पिढ्या त्यासाठीच निवड झाली. ड्रेसाजला हवं नेमकं उलटं: मागचे पाय पोटाखाली, पाठ उचललेली, पुढचा भाग हलका. इंट्रोला हे खपून जातं. पुढे अंग आवळून, वजन मागच्या पायांवर घेऊन कॅंटर करायची वेळ आली की या घोड्यांचे गुडघे, पुट्ठे आणि घोटे बोलतात. आमच्याकडे एका हौशी गृहस्थांनी वरातीची जाडजूड मारवाडी घोडी आणली, दोन महिन्यांत जंपिंग करायचं म्हणून. क्लबातल्या कुणीही अडवलं नाही, फी येत होती ना! घोडी आठव्या महिन्यात पुढच्या पायाने लंगडी. ती अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

हांग्झोऊच्या आशियाई खेळांत २०२३ साली आपल्या ड्रेसाज संघाने सुवर्ण घेतलं. चौघांत मुंबईचा हृदय छेडाही होता. घोडेस्वारीतलं सुवर्ण १९८२नंतर थेट तेव्हा. त्या मुलांनी युरोपात राहून, त्याच कामासाठी पैदास झालेल्या घोड्यांवर वर्षानुवर्षं घाम गाळलाय. 'कुठलाही घोडा चालतो' म्हटलं की त्या घामाची किंमत कमी होते, असं मला वाटतं.

घोडनवरी

@रिकिबीतला पाय, दगड नाही मारत. उभ्या खांद्याचं खरं आहे, बिलला डावीकडे वळवणं म्हणजे एसटी वळवणं. पण मी 'कुठलाही घोडा ऑलिंपिकला चालतो' कुठे म्हटलंय? मी बालवाडीत आहे आणि बालवाडीतच राहणार. या देशात ड्रेसाजला खेचरसुद्धा चालतं, नियमात बसतं. मग माझ्या बिलने काय घोडं मारलंय?

(हो, आलं तोंडात. हसा.)

आणि मी त्याला घेतलं नसतं तर? १२ वर्षांचा, जरा मंद झालेला, आमिश मालकाला आता तरुण जोडी हवी. २००७ मध्ये अमेरिकेतले घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने बंद झाले, म्हणून घोडे वाचले असं कुणी समजू नये. लिलावातून गाड्या भरतात त्या कॅनडा नाहीतर मेक्सिकोला. कॅनडातून तर अवजड जातीचे घोडे जिवंतपणी विमानाने जपानला जातात, तिथे कच्चं मांस खातात. इतका मांसल घोडा कुणाला नको असतो?

खूरपुराण

पशुवैद्य आहे, सध्या परभणी. वजनावरून जे हसले त्यांच्यासाठी आधी हिशेब. स्वार ८१ अधिक खोगीर दहा-बारा किलो, भागिले ८७०. जेमतेम ११ टक्के. ओहायोतच २००८ साली आठ घोड्यांवर १५, २०, २५, ३० टक्के वजन लादून पाहिलं होतं. २५च्या पुढे स्नायू दुखायला लागले. मात्र ते सवारीचे हलके घोडे होते. अवजड घोड्याची पाठ वजनाच्या प्रमाणात बळकट होत नाही, तेव्हा दुप्पट घोडा म्हणून दुप्पट माणूस असं गणित कुणी मांडू नये. ११ टक्के हे कुठल्याही हिशेबाने निवांत.

माझी काळजी वेगळी आहे. 'शनिवार-रविवारचा शो.' पर्चरॉन आणि बेल्जियनमध्ये स्नायूंत साखर भलतीच साठण्याचा आनुवंशिक दोष फार. जुने गाडीवाले याला सोमवारचा रोग म्हणायचे: आठवडाभर काम, रविवारी पूर्ण खुराक खाऊन उभा, सोमवारी जुंपला की पुट्ठे दगड आणि लघवी कॉफीसारखी. तुमचं चाक उलटं फिरतंय. आठवडाभर ऑफिसमुळे उभा आणि शनिवारी घाम. तपासणी केलीत का? दाणा काय देता?

घोडनवरी

डॉक्टर, पहिला माणूस भेटलात ज्याने घोड्याची चौकशी केली.

केली. केस उपटून पाठवले, दोषाच्या जनुकाची एक प्रत निघाली. धान्य बंद, भिजवलेलं गवत आणि वरून तेल. रोज पहाटे साडेपाचला चाळीस मिनिटं चालवते, हिवाळ्यात डोक्याला दिवा लावून. 'वीकेंडची हौस' म्हणणाऱ्यांनी जानेवारीत एकदा यावं, कुलूप गोठलेलं असतं.

चष्मिस

अवांतर, पण राहवत नाही. असले घोडे चिलखती सरदारांचे युद्धघोडे होते, असं वर कुणी लिहिण्याआधीच सांगतो: थाप. २०२१ मध्ये इंग्लंडात मध्ययुगीन घोड्यांच्या हाडांचा अभ्यास झाला. बहुतेक घोडे १४.२ हँडच्या आतले, आजच्या भाषेत पोनी. आणि आपण? अटक गाठली १७५८ला, ती भीमथडीच्या तट्टांवर. बुटकी, काटक, मूठभर चंदीवर दिवस काढणारी. त्या तट्टाची जात म्हणून नोंद व्हायला आत्ताआत्तापर्यंत वाट पाहावी लागली. ओहायोच्या टोणग्याचं कौतुक जरूर करा, पण बारामतीच्या माळावर भीमथडी बघायला किती जण गेलेत, हात वर करा.

पोहेवाला

हात वर केला असता, पण त्यात पोह्यांची बशी आहे.

मांजरबोका

धागाकर्ती, फोटो झूम करून पाहिला. बिलचं शेपूट कुठाय??

घोडनवरी

कापलेलं आहे. शिंगरू असतानाच. जुंपताना लगामात अडकतं म्हणून अवजड घोड्यांचं कापायची रीत होती, काही ठिकाणी अजून आहे. ब्रिटनने १९४९च्या कायद्याने बंद केलं. मी नाही कापलं. उन्हाळ्यात माश्या बसल्या की नुसता बुंधा हलवतो बिचारा. जाळीचं पांघरूण घालते आणि दिवसातून तीनदा फवारते.

घाटाचा राजा

बघा! बघा मंडळी! सायबाच्या देशात घोड्याचं अख्खं शेपूट कापतात, तो हौशी खेळ. आणि आम्ही बैलगाडा पळवला की आम्ही राक्षस. मे २०१४ला बंदी आली. डिसेंबर २०२१ला उठली, १८ मे २०२३ला घटनापीठाने शिक्का मारला. मधली सात वर्षं कोण भरून देणार?

आमचा घाट, म्हंजे शर्यतीची धावपट्टी, खेड तालुक्यात. तुम्हाला ठाऊक नसंल म्हणून सांगतो, आमच्याकडं नुसते बैल नाय पळत. जुकाटाला दोन, धुरेला दोन असे चार बैल आणि पुढं घोडी. घोडीवर पोरगं. बिनखोगिराचं, आयाळ धरून. अख्खी बारी बारा-तेरा सेकंदांत. आमच्या रेश्मा घोडीवर मी आठवीत असल्यापासून बसायचो. गावची जत्रा, तोच आमचा वीकेंड शो. टक्के-बिक्के नाय, भंडारा आणि ढाल. बंदीत बैलांना दावणीला उभं करून खायला घातलं, घोडी परवडंना. बापानं वरातवाल्याला विकली. पुढच्या वर्षी मावसभावाच्या लग्नात तीच आली, डोक्यावर लायटिंग लावून. तिनं मला वळखलं. मी वरातीत नाचलो नाय.

मांजरबोका

घोडीचं वाईट वाटलं. पण न्यायालयात काय काय पुढे आलं होतं तेही लिहा की. शेपट्या पिरगाळणं, दातांनी चावणं, टोचण्या, काठ्या. १२ सेकंद बैल खुशीने पळतो का? नियम झाले म्हणून परवानगी मिळाली, नुसती संस्कृती म्हणून नाही.

घाटाचा राजा

चावत हुते. खोटं नाय बोलणार. माझा चुलता चावायचा. एकदा बैलानं झटका दिला, पुढचे दोन दात घाटात राह्यले. तवापासून चुलत्याला कायदा पटला.

मांजरबोका

😐 या कबुलीचं काय करू समजत नाहीये.

चष्मिस

'परंपरा' या शब्दामागे किती दिवस लपायचं? सतीही परंपराच होती.

घाटाचा राजा

आली सती. वाटच बघत हुतो. चष्मिसराव, तुमच्या त्या भीमथडीवर तुम्ही कधी बसलाय का? का नुसती पुस्तकातली?

चष्मिस

वैयक्तिक होऊ नये. (माथेरानला बसलोय.)

घाटाचा राजा

😂😂😂

रिकिबीतला पाय

बैलगाड्याला वेगळा धागा काढा, हात जोडते.

घोडनवरी, दाण्याचं आणि पहाटेचं वाचलं. मी ज्यांना वैतागते ते तुम्ही नाही, हे मान्य. तरी कॅंटरच्या टेस्टला घाई करू नका. आणि खोगिराचा साचा तपासून घ्या, फोटोत डावीकडे पूल होतोय, म्हणजे पुढे-मागे टेकतंय आणि मधे पोकळी. इतक्या रुंद पाठीला बाजारातलं 'एक्स्ट्रा वाइड' पुरत नाही.

घोडनवरी

पूल होतोय, बरोबर पकडलंत. सातवं खोगीर आहे. आधीची सहा तळघरात पडलीत, नवऱ्याने त्या कोपऱ्याला 'फिक्स्ड डिपॉझिट' नाव दिलंय.

ओहायोचा पाहुणा

धागा बैलगाड्यावर गेल्यामुळे मी सुटलो असं वाटलं होतं. पण लेक म्हणते, पूर्ण लिहा.

ई पाशी मीच उभा होतो. पिशवी माझी. घरचा चिवडा होता. घोडा थांबून माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती मला माज वाटली, म्हणून वहीत 'लावणी' वगैरे लिहिलं. पेपरमिंटचं काही ठाऊक नव्हतं. तुमचे दोन-अडीच गुण माझ्या खाती टाका.

मात्र खिलार आणि डेअरीचा मुद्दा कायम.

घोडनवरी

पातळ पोह्यांचा की भाजक्या?

ओहायोचा पाहुणा

पातळ. खोबऱ्याचे काप घालून.

घोडनवरी

तरीच. पुढचा शो १४ तारखेला, वेळ सकाळी ९.४०. या खुशाल, पण चिवडा डब्यात आणा. स्टीलच्या.