शटडाउन पाच वर्षांवर न्या म्हणणाऱ्यांसाठी

मेंटेनन्सवाला: कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं म्हणून लिहितोय. म्हणे तपासणी-दुरुस्तीसाठी दर तीन वर्षांनी प्लांट बंद ठेवतो तो शटडाउन पाचवर न्या, रिस्क मॅट्रिक्स (धोक्याची शक्यता आणि परिणाम मांडणारा तक्ता) हिरवी आहे, उगाच उत्पादन बुडवू नका. अहो, त्या हिरव्या खान्यात आकडा भरला कुणी? मी स्वतः एका आठ इंची लाइनचं इन्सुलेशन उघडलंय, वरून पत्रा चकचकीत, आत इन्सुलेशनची वूल ओली गच्च आणि पाइपाचे पापुद्रे नखाने निघत होते. पाइपाची जाडी मोजायचा थिकनेसचा पॉइंट तिथून दोन हात लांब, त्यामुळे रजिस्टरला सगळं ओके!

प्लॅनिंग: ती पोस्ट माझीच, पण तुम्ही अर्धीच वाचलीत. सरसकट नाही म्हटलं, जिथे झीज मोजलेली आहे तिथेच मुदत वाढवा म्हटलं. आणि शटडाउन घेतला की सुरक्षित, हे कुठून आणलं? अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत २००५ मध्ये १५ माणसं गेली ती दुरुस्तीनंतर प्लांट परत सुरू करताना, स्टार्टअपलाच. टॉवर द्रवाने भरत चाललेला आणि मीटरवर मात्र लेव्हल उतरतेय असं दिसत होतं.

बोर्डमॅन: मी कंट्रोल रूममध्ये स्क्रीनसमोर बसणारा ऑपरेटर. लेव्हलचं निघालंच आहे तर अलार्मचंही बोला. वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत १९९४ मध्ये स्फोटाआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले. माझ्यावर एकदा तशीच वेळ आली, पॉवर डिप आला (वीज क्षणभर पडली), स्क्रीन लालभडक, मी नुसता अॅक (अलार्म पाहिल्याचं बटण) दाबतोय आणि पंपाचं सील गळतंय तो अलार्म तिसऱ्या पानावर. दुसऱ्या दिवशी मेमो कुणाला? मला.

प्लॅनिंग: धागा भरकटतोय. अलार्मसाठी वेगळा काढा.

बोर्डमॅन: काही भरकटत नाही! "ऑपरेटर दहा मिनिटांत दखल घेईल" असं धरून तुम्हीच त्या मॅट्रिक्समध्ये धोका एक खाना खाली आणता ना? तो ऑपरेटर मी आहे, मला विचारलंत कधी?

मेंटेनन्सवाला: हेच. भोपाळला १९८४ मध्ये एमआयसीच्या (मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाच्या) टाकीचं रेफ्रिजरेशन बंद, फ्लेअरची (गळालेला वायू जाळून टाकणाऱ्या ज्योतीची) लाइन दुरुस्तीला सोडवलेली. कागदावर सुरक्षेचे सगळे थर जागेवर होते.

प्लॅनिंग: भोपाळ मध्ये आणलं की समोरच्याने बोलायचंच नाही असं होतं. बरं, अलार्म किती येतात ते मोजल्याशिवाय ऑपरेटर दखल घेईल असं धरून धोका कमी दाखवायचा नाही, एवढं मान्य. मुदतीवर मात्र मी ठाम आहे.

मेंटेनन्सवाला: मग जाडी मोजायचे पॉइंट ठरवायला माझ्यासोबत स्कॅफोल्डिंगवर चढा. तोवर त्या पाच वर्षांवर माझी सही नाही.