चौऱ्याहत्तर माणसांची कंपनी चालवायला कसा माणूस बघू?

पत्रेवाली_सातपूर
नाशिकला सातपूर एमआयडीसीत आमचं शीटमेटलचं युनिट आहे, इलेक्ट्रिकल पॅनेलच्या पेट्या बनवतो. बाबांनी सुरू केलं तेव्हा ११ माणसं होती, आता ७४. मी मात्र अजून अकराच असल्यासारखी चालवते. तीनशे रुपयांच्या ड्रिल बिटची पीओसुद्धा (खरेदीची ऑर्डर) माझ्या सहीसाठी अडून बसते. गेल्या महिन्यात अख्खा लॉट परत आला, ड्रॉइंगची जुनी रिव्हिजन वापरली होती. क्वालिटीच्या मुलाला सोमवारीच कळलं होतं. मला गुरुवारी, तेही ग्राहकाच्या फोनवरून.

सीईओ नेमावा म्हणते. एक उमेदवार मोठ्या कंपनीतले, प्रेझेंटेशन झकास. दुसरे आमचेच प्लांट मॅनेजर. सगळे त्यांना काका म्हणतात, इंग्रजीत मेल लिहायचा म्हटलं की घाम फुटतो. माणसात नेमकं काय बघू?

कटिंग_चहा
मोठ्या कंपनीवाल्यांना एवढंच विचारा: उद्या पगार आहे आणि खात्यात पैसे नाहीत, असं कधी झालंय का? नसेल झालं तर चहा पाजून मोकळ्या व्हा.

निवृत्त_भोसरीकर
ताई, चौतीस वर्षं नोकरी केली, पाच साहेब बघितले, लक्षात राहिला एकच. रोज सकाळी साडेआठला चहाचा कप घेऊन रिजेक्शनच्या लाल क्रेटपाशी उभा. "काल काय फेकलं?" एवढंच विचारायचा. कोणी बिघडवलं, हे कधी विचारलं नाही. पहिले पंधरा दिवस आम्ही बाद माल लेथवर निघणाऱ्या धातूच्या किसाखाली दडवायचो. मग एका पोरानं स्वतःहून बुश (नळीसारखा पार्ट) आणून दाखवला, आतलं भोक मोठं झालं होतं. साहेबांनी गेज (माप तपासायचं साधन) मागवला, तर गेजच झिजलेला! त्या दिवसापासून क्रेट भरायला लागला. महिन्याचे आकडे भयंकर दिसले, सेल्सवाले बोंबलले, हा गडी हलला नाही. तुमच्या सोमवार-गुरुवारवर औषध हेच.

पुण्याच्या थरमॅक्सचंच बघा, बॉयलरवाली कंपनी. १९९६ मध्ये पती गेल्यावर अनु आगांनी कंपनी हाती घेतली. पुढे चारशेचा शेअर छत्तीसवर आला, एका भागधारकाचं खरमरीत निनावी पत्र आलं. निनावी पत्र कुणीही टोपलीत टाकलं असतं. त्यांनी मनावर घेतलं, बाहेरचे सल्लागार आणले, नको ते धंदे बंद केले.

आणि वसुली. पत्र्याचे पैसे आगाऊ मोजायचे, ग्राहक देणार नव्वद दिवसांनी, म्हणजे ऑर्डरी वाढतील तसा हात आखडणार. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्या असं २००६ चा कायदा सांगतो. मोठ्या ग्राहकाला हे तोंडावर सांगून संबंध टिकवणारा हवा.

कोथरूडचा_कोडर
काकांच्या प्रेमात वाहून जाऊ नका. पुण्याची सॉफ्टवेअर कंपनी पर्सिस्टंट आनंद देशपांडेंनी १९९० मध्ये काढली. २०२० मध्ये सीईओ झाले संदीप कालरा, कंपनीत आले होते आदल्याच वर्षी. देशपांडे अध्यक्ष राहिले. बाहेरचा माणूस चालतो, मालकानं हात काढला तर. तुम्ही सही सोडणार आहात का, ते आधी सांगा.

पत्रेवाली_सातपूर
कोडर, बरोबर वर्मावर बोट ठेवलंत.

मोठ्या कंपनीवाल्यांना शॉपवर नेलं. दीड तासात एकाही ऑपरेटरशी बोलले नाहीत, केबिन कुठे असेल ते मात्र विचारलं. सध्या काकांना सहा महिने देऊन बघते. पंचवीस हजारांपर्यंत सही त्यांची, मेल लिहायला माझी भाची. लाल क्रेट शुक्रवारपासून ठेवला, अजून रिकामाच आहे.

काल २२,४०० ची पीओ मला न विचारता गेली. फाइल मी तीनदा उघडून बघितली. काही बोलले नाही.

कटिंग_चहा
तीनदाच? प्रगती आहे.