रणगाड्याच्या आतली माणसं

पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत ब्रिटिश रणगाडे जर्मन तोफांमुळे फसले, असं काही जण म्हणतात. तोफा होत्याच, पण त्याच लढाईत फ्लेर गावावरच्या चढाईसाठी ठेवलेल्या ४९ पैकी कितीतरी गाडे वाटेतच बंद पडले किंवा रुतले. आतली अवस्थाही बघा. मार्क १ या तेव्हाच्या ब्रिटिश रणगाड्यात १०५ अश्वशक्तीचं इंजिन आठ माणसांच्या मधोमध! उकाडा, धूर, पेट्रोलची वाफ. माणसं बेशुद्ध पडायची. नुसतं वळायला चौघे लागत, तेही हातवारे करून, कारण आवाजात काही ऐकूच येत नसे.

माझ्या मते खरी झेप फ्रेंचांच्या रेनॉ एफटी या रणगाड्याची. इंजिन मागे, भिंतीआड. माणसं दोनच आणि वर गोल फिरणारा बुरूज. आजचे बहुतेक रणगाडे याच मांडणीचे आहेत.