टॅकमध्ये पीएफयू मिसळलं आणि स्मिअरही गायब!

प्रश्न (जेलवाली):
तीन आठवडे झाले, पीसीआरने (नळीत डीएनएच्या प्रती काढायची पद्धत) १२ केबीच्या, म्हणजे १२ हजार बेसच्या, डीएनए तुकड्याच्या प्रती काढतेय. २ केबीपर्यंत टॅक पॉलिमरेज (या प्रती काढणारं एन्झाइम) गुणी बाळासारखं वागतं, त्यापुढे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर नुसता स्मिअर, म्हणजे एका रेषेऐवजी पसरट डाग. मॅग्नेशियम वाढवलं, टॅक दुप्पट टाकलं. स्मिअर आणखी दाट झाला, एवढीच प्रगती. वैतागून काल टॅक आणि पीएफयू (चुका सुधारणारं दुसरं पॉलिमरेज) निम्मं-निम्मं घातलं. आज जेल कोरं करकरीत. दोन चांगली एन्झाइम एकत्र आल्यावर काम बिघडतं कसं?

रात्रपाळी:
निम्म्या-निम्म्यातच घोळ आहे. टॅक पळतं भरभर, पण चुकीचा बेस लागला तर तो काढता येत नाही आणि त्या टोकावरून पुढे सरकणंही जड जातं. कॉपी अर्धवट सुटते. टॅक दुप्पट केलं तरी तेही तिथेच अडणार. पीएफयू ते चुकलेलं टोक कातरतं, मग टॅक पुन्हा धावतं. १९९४ मध्ये संशोधक वेन बार्न्स यांनी याच युक्तीने लॅम्डा फाज या जिवाणूंच्या विषाणूच्या डीएनएवरून ३५ केबीपर्यंत मजल मारली. त्यातही पीएफयू चिमूटभरच होतं. जास्त झालं की ते प्राइमरची (कॉपीची सुरुवात करून देणारे छोटे डीएनए तुकडे) ३′ टोकंही, म्हणजे जिथून कॉपी पुढे वाढते ती टोकं, कुरतडतं. तुमचे प्राइमर बहुधा त्यानेच खाल्ले. १६ युनिट टॅकला १ युनिट पीएफयू घालून बघा. युनिटच (एन्झाइमच्या कामाचं माप) मोजा, मायक्रोलिटर नव्हे. मिश्रण बर्फावर करा, एन्झाइम सगळ्यात शेवटी.

जुना पिपेट:
सगळं एन्झाइमच्या माथी मारू नका. डीएनएचे दोन धागे सुटे करायला ९४ अंशांवर दर सायकलला मिनिटभर ठेवता का? उष्णतेने डीएनएतले प्युरिन (ए आणि जी हे बेस) गळतात, आणि तुकडा लांब तितका फटका जास्त. १०-१५ सेकंद पुरे. एक्स्टेन्शन (कॉपी लांबवण्याचा टप्पा) ६८ अंशांवर, केबीमागे १ मिनिट. आणि ज्यावरून कॉपी काढता तो जीनोमिक डीएनए व्हॉर्टेक्स करत (यंत्रावर जोरात घुसळत) नाही ना?

जेलवाली:
करत होते. रोज. दणकून.
नवा डीएनए काढला, नळी नुसती हलक्या हाताने उलटीपालटी केली, बाकी तुम्ही दोघांनी सांगितलं तसंच. जेलवर १२ केबीला बँड (रेषा) आहे! फिकट आहे, पण एकच आणि सरळ. आता टीए क्लोनिंग (टोकाच्या जादा ए बेसच्या आधारे तुकडा वाहक डीएनएत जोडणं) करू ना?

रात्रपाळी:
थांबा. टॅकने टोकाला लावलेला जादा ए पीएफयू बऱ्याच तुकड्यांवरून काढून टाकतं. आधी बँड कापून शुद्ध करा, मग नुसतं टॅक आणि डीएटीपी (ए बेसचा कच्चा माल) घालून ७२ अंशांवर २० मिनिटं ठेवा. शुद्ध न करता घातलंत तर उरलेलं पीएफयू ते ए पुन्हा कातरत बसेल.