विंडोज १० वाले म्हणजे काय गुन्हेगार का?

प्रूफवाला
काल एका महाशयांनी इथे लिहिलं की "१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट संपला, त्यानंतरही १० वापरणारे स्वतःबरोबर दुसऱ्यांनाही खड्ड्यात घालतात, जुने डबे सांभाळायची हौस असेल तर संग्रहालय काढा." डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा काढतोय. माझ्या पीसीत इंटेलचा सातव्या जनरेशनचा आय-५ प्रोसेसर आहे, एसएसडी टाकलीय, रॅम १६ जीबी, चहा गाळून होईस्तोवर काम सुरू. तरी विंडोज ११ चालणार नाही, कारण इंटेल असेल तर आठव्या जनरेशनपासून पुढचाच पाहिजे (एकदोन अपवाद सोडून), वर टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय). म्हणजे मशीन थकलं म्हणून नाही, यादीत नाव नाही म्हणून बाद! आणि २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच माणसाने जाहीर सांगितलेलं की १० ही शेवटची विंडोज. २०२१ ला ११ हजर. आता नवीन घ्यायला पैसे कोण देणार, तुम्ही?

नेटवर्कनाथ
ते महाशय मीच. संग्रहालयाचं वाक्य मागे घेत नाही. एका पतसंस्थेचं काम बघायचो, तिथे सपोर्ट संपलेली विंडोज ७ "चालतंय ना" म्हणून ठेवलेली. एक दिवस सगळ्या फायली लॉक, खंडणीची नोट स्क्रीनवर. बॅकअप कुठे? त्याच मशीनला कायम खोचून ठेवलेल्या पेन ड्राइव्हवर, तोही लॉक. खातेदार दारात येऊन ओरडत होते ते मी ऐकलंय, तुम्ही नाही. २०१७ चं वॉनाक्राय, असंच फायली लॉक करून खंडणी मागणारं, विसरलात वाटतं.

प्रूफवाला
वॉनाक्राय आलं मे मध्ये, विंडोजमधली ती फट बुजवणारा पॅच आलेला मार्चमध्ये. सगळ्यात जास्त मार बसला विंडोज ७ ला, आणि तेव्हा ७ सपोर्टमध्येच होती, २०२० पर्यंत! जुनेपणाने नाही, अपडेट न करण्याच्या आळशीपणाने बुडाले. आणि पेन ड्राइव्ह कायम खोचून ठेवणाऱ्याला ११ दिली असती तरी त्याने तेच केलं असतं.

नेटवर्कनाथ
मग तेच तर म्हणतोय! तेव्हा पॅच होता तरी लावला नाही, आता तर नेहमीचे पॅच यायचेच बंद.

पेंग्विन_नगरकर
विंडोज काढून लिनक्स मिंट टाका. विषय संपला.

टोनरबाई
आलात? आज उशीर झाला. हिशेबाचं टॅली चालवून दाखवा त्यावर, आणि जीएसटीच्या डिजिटल सहीचं टोकन. मग बोलू.

पेंग्विन_नगरकर
वडिलांच्या जुन्या लॅपटॉपवर टाकलंय, ते बातम्या आणि कीर्तनं बघतात, बँकेचं ब्राउझरमधून करतात, मला फोन येणं बंद झालंय. सगळे काय टॅलीच चालवतात का.

टोनरबाई
मी चालवते. आणि माझं खरं दुखणं वेगळंच आहे. आमच्या प्रेसमध्ये पानं लावायला अजून पेजमेकर ७ आहे, २००१ चं, हसा. पत्रिका, अहवाल, स्मरणिका सगळं त्यात. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरला डोंगल (मशीनला लावायची परवान्याची किल्ली) लागतं, त्याचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटचा. १० मध्ये ३२ बिट मिळायची, ११ मध्ये ती नाहीच. पेजमेकर एकवेळ चालेल हो, डोंगल नाही चालणार. कंपनीला फोन केला तर म्हणे नवीन आवृत्ती विकत घ्या.

युनिकोड_झिंदाबाद
अजून पेजमेकर??? तुमच्यासारख्यांमुळे वीस वर्षांचे मराठी अहवाल गुगलवर सापडत नाहीत. फॉन्ट नसेल तर उघडल्यावर नुसता कचरा दिसतो. ऑपरेटिंग सिस्टिम सोडा, आधी युनिकोडवर या, म्हणजे कुठल्याही मशीनवर तीच अक्षरं दिसतील. पेजमेकर सोडून इनडिझाइन घ्या, त्यात वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय लावली की जोडाक्षरं नीट येतात.

टोनरबाई
इनडिझाइनचं भाडं तुम्ही भरणार का? आणि जुन्या फायलींचं काय? आमच्याकडे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर साठवतात, रफाराचं बरोब्बर उलटं. जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर यातच माती खातो. "कीर्ती"चं काय होतं ते मी बघितलंय. पत्रिकेत नवरीचं नाव चुकलं तर शिव्या मला बसतात, गुगलला नाही.

युनिकोड_झिंदाबाद
म्हणजे कंटाळा येतो म्हणून भाषेला डोंगलमध्ये कोंडून ठेवायचं. छान.

टोनरबाई
रात्री दोन वाजता वार्षिक अहवालाची पानं लावून बघा एकदा, मग माझा कंटाळा काढा.

सातारी_तडका
भांडण चालू द्या, मधे एक विचारतो. माझा लॅपटॉप आठव्या जनरेशनचा आहे तरी ११ नाही चालणार म्हणून दाखवतोय.

नेटवर्कनाथ
टीपीएम बंद असेल. बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन इंटेल पीटीटी, म्हणजे इंटेलचं टीपीएम, चालू करा, सिक्युअर बूट पण बघा. निम्मे लोक एवढं न बघताच नवीन लॅपटॉप आणतात.

प्रूफवाला
हे तुम्ही काल लिहिलं असतंत तर धागा काढावा लागला नसता. आम्हाला मात्र संग्रहालय.

नेटवर्कनाथ
बरं, तुमचा सातवीतला आय-५ दणकट आहे, घ्या. पण ईएसयू, म्हणजे सपोर्ट संपल्यावरची वाढीव अपडेट, घेतलंय का? १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात, सेटिंग्ज सिंक केल्या तर फुकट.

प्रूफवाला
त्याला मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लागतं. पैसे भरले तरी लागतं. माझ्या पीसीत शिरायला त्यांची परवानगी कशाला?

नेटवर्कनाथ
जीमेल वापरता, व्हॉट्सॲप वापरता, इथेच काय तो स्वाभिमान!

सातारी_तडका
पीटीटी चालू केलं, आता चालेल म्हणतोय. आभार. पण प्रिंटर दहा वर्षं जुना आहे, त्याचा ड्रायव्हर मिळेल का?

टोनरबाई
आधी ते बघा, मग अपग्रेडचं बटण दाबा. आणि नाथसाहेब, माझं पेजमेकरवालं मशीन आजपासून नेटवरून काढलंय, पीडीएफ पेन ड्राइव्हने दुसरीकडे नेईन. आता तरी गुन्हेगारांच्या यादीतून नाव काढा.

नेटवर्कनाथ
पेन ड्राइव्ह स्कॅन करा. आणि खोचून ठेवू नका.

युनिकोड_झिंदाबाद
आणि त्या पीडीएफमध्ये "कीर्ती" सर्च करून बघा, सापडते का.